कानवाल्या मिस्त्रींचा स्क्रू ड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे. लांबीला हातभर, मूठ लाकडी, तीही एका बाजूने चिरलेली. टोक इतकं झिजलंय, की आता एखादा स्क्रू धड पकडता येत नाही. पण खरं सांगू? स्क्रू पिळण्यात माझं आयुष्य गेलंच नाही. माझं काम ऐकण्याचं होतं.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एका दिवसात तयार झाले. माझ्यात वेगळं एवढंच, की माझा पोलादी गज मुठीतून आरपार वरपर्यंत गेलेला होता. एका तरुण मिस्त्रीने दुकानात मला उचललं, टोक काउंटरवरच्या पंख्याला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि म्हणाला, "याच्या बेअरिंगमध्ये तेल नाही." दुकानदार हसला. आठवड्याभरात पंखा बंद पडला.

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. इंजिन चालू ठेवून ते माझं टोक त्यावर टेकवत आणि डोळे मिटत. आतला आवाज गजातून सरळ त्यांच्या हाडात जाई. जे आहे ते पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा माझा बाणा. लोक त्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणू लागले. माझं नाव कुणी घेत नसे, पण त्या कौतुकातला वाटा मी मनातल्या मनात घेत होतोच.

त्यांची लेक तेव्हा लहान होती. उलट्या बादलीवर उभी राहून तीही मला कानाला लावायची. "बाबा, आत चार जण टाळ्या वाजवतायत!" ती म्हणायची. मिस्त्री हसून म्हणायचे, "ते चार सिलेंडर. त्यातला एक जण थांबला की गाडी मिसिंग मारते, अडखळत चालते बघ. मग तो कोण, ते शोधायचं."

मग वर्षं गेली. लेक लग्न होऊन दोन तासांच्या अंतरावर राहायला गेली. मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं. मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये येऊन पडलो, संपलेले सेल आणि अर्ध्या मेणबत्त्यांच्या शेजारी. काही दिवसांनी लेकीची आई गेली. घरात मिस्त्री आणि मी उरलो.

आणि तेव्हाच मला एक गोष्ट कळली, जी कुणालाच ठाऊक नव्हती. मिस्त्रींना ऐकू येईनासं झालं होतं. हातोडे आणि ग्राइंडर यांच्या शेजारी काढलेली चाळीस वर्षं अंगावर आली होती. पण ज्यांना साऱ्या गावाने 'कानवाले' म्हटलं, त्यांनी हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ते नुसती मान हलवत. फोनवर लेक विचारायची, "बाबा, तब्येत कशी आहे?" आणि ते म्हणायचे, "हो हो, जेवलो." तिला वाटलं, बाबांचं आता कशातच लक्ष नाही. तिचे फोन आधी छोटे झाले, मग कमी झाले.

संध्याकाळी कधीकधी ते मला ड्रॉवरमधून काढत. माझं टोक फ्रिजला टेकवत आणि मूठ कानामागे धरून उभे राहत. फ्रिज घरघरत असे. मग भिंतीवरचं घड्याळ, मग नळाचा पाइप. घरात काहीतरी चालू आहे, एवढंच त्यांना ऐकायचं असे. मला रडता येत असतं, तर तेव्हा आलं असतं.

मिस्त्रींची जुनी गाडी लेक वापरत होती. गाडी कुरकुरली, की ती माहेरी यायची. खरं तर तेवढ्यापुरतीच यायची. एका रविवारी ती आली, तेव्हा गाडी मिसिंग मारत होती. मिस्त्रींनी बॉनेटवर वाकून, जुन्या ऐटीत मान हलवून, 'दुसऱ्या सिलेंडरचा प्लग' असं ठोकून दिलं. प्लग बदलला. मला त्यांनी हातही लावला नाही. लेकीसमोर आपल्याला आधार लागतो हे दिसू नये, म्हणून!

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. गाडी भर चौकात बंद पडली होती आणि मागच्या सीटवर तिचं बाळ होतं.

"बाबा, आज झालं तर झालं," ती मोठ्याने म्हणाली. "नाहीतर हे म्हणतात, गाडी काढून टाकू. तुम्हालाही उगाच त्रास."

हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं. गाडी गेली, तर तिचं येणंही गेलं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि इंजिन चालू करायला लावलं. एकेका सिलेंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचं कनेक्टर काढून पाहायचं, ही त्यांची पद्धत. चालणारा सिलेंडर असेल, तर कनेक्टर काढताच इंजिन आणखी अडखळतं. मेलेला असेल, तर काहीच फरक पडत नाही.

त्यांनी पहिलं काढून लावलं, मग दुसरं काढलं. इंजिन धडधडून बंद पडायच्या बेतात आलं. मिस्त्री ठामपणे म्हणाले, "हाच. हाच मेलाय."

इंजिनचं ते धडधडणं लेकीलाही ऐकू आलं होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग घरात गेली, ड्रॉवर उघडला आणि मला घेऊन आली. तिने मला त्यांच्या हातात ठेवलं, दुसरं कनेक्टर परत बसवलं आणि खूण केली, 'मी काढते, तुम्ही ऐका.'

मिस्त्रींनी मूठ कानामागे धरली. माझं टोक इंजिनला टेकलं. तिने पहिलं काढलं, मी इंजिनचं अडखळणं पोचवलं. दुसऱ्याला, चौथ्याला तसंच. तिसरं काढलं तेव्हा माझ्यात काहीही बदललं नाही.

"तिसरा," मिस्त्री म्हणाले. "तिसरा टाळी वाजवत नाही."

इंजिन बंद करून त्यांनी पहिल्याची आणि तिसऱ्याची कॉइल अदलाबदल केली. पुन्हा ऐकलं. आता पहिला गप्प. म्हणजे खोट कॉइलमध्येच होती. तिने बाजारातून नवी आणली आणि गाडी सुतासारखी सरळ चालू लागली.

इंजिन बंद झाल्यावर तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, कधीपासून?"

त्यांनी मान खाली घातली. "तुझी आई गेल्यावर ऐकण्यासारखं होतं तरी काय?"

"मी होते ना," ती म्हणाली आणि रडली.

मित्रांनो, आता मिस्त्रींच्या कानात छोटं यंत्र आहे. लेक रोज फोन करते. गाडी ठणठणीत असतानाही येते. फ्रिजचा आवाज ऐकायला मला कुणी बाहेर काढत नाही. मला एकटं वाटतं का? वाटतं, खोटं कशाला बोलू? पण एवढं ऐकाच. तुमच्या घरात कुणी पुन्हापुन्हा "काय?" म्हणत असेल, तर "जाऊ दे, काही नाही" म्हणू नका. दुसऱ्यांदा सांगा, हवं तर तिसऱ्यांदा सांगा. ड्रॉवरमध्ये पडून राहायला मी आहे, माणसांची ती जागा नव्हे.