आईच्या पायाचा अंगठा

उल्हासनगरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी प्राध्यापक. झोपेतून उठवा, लेक्चर तयार. पीएचडीसुद्धा केलीय, विषय: परिचारिका हात का धुवत नाहीत. त्याबद्दल शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो हॉलमध्ये लावलाय. हसू नका, हसायची वेळ पुढे येतेय.

तर आमच्या आईला, मोतीबाईंना, शुगर. पायाच्या अंगठ्याला जखम झाली. अंबरनाथचे सर्जन म्हणाले, "लवकर सुकली नाही तर अंगठा काढावा लागेल." आई पार हादरली. मी म्हटलं, "मी बसलेय ना! ड्रेसिंग मीच करणार." कॉलेज सुटलं की रोज बदलापूर गावात, माहेरी. पण जखम सुकायचं नाव घेईना. उलट वास मारायला लागली. माझं डोकंच फिरलं.

"आई, चोरून गोड खातेस ना?"

"देवाशप्पथ नाय गो, मालू."

"मग काय हवेनं चिघळली?"

मी स्वयंपाकघरातले डबे हुडकले, शेजारणींकडे चौकशी केली. आई रडकुंडीला आली तरी माझं भाषण चालूच. पंचवीस वर्षं शिकवल्यावर भाषण थांबवणं जमत नाही माणसाला.

शनिवारी विद्यार्थिनींना घेऊन गावात घरोघरच्या भेटींना गेले. आईकडेही नेलं. म्हटलं, "वैष्णवी, आज ड्रेसिंग तू कर." पोरगी साबण घेऊन मोरीकडे निघाली.

आईनं तिला अडवलं. "कुठं चाललीस गो? हात धुवायचे नसतात. 'हात धुतले' असं मोठ्यानं बोलायचं नि कामाला लागायचं. आमची मालू रोज तसंच करते."

आई गं! पोरी खाली बघायला लागल्या. त्यांना बरोब्बर कळलं, कारण ही सवय त्यांनाही मीच लावलेली. आमच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत नळाला पाणी नसतं. रबरी पुतळ्यापाशी उभं राहून मुली म्हणतात, "हात धुतले, मॅडम," आणि मी मार्क देते. वर्षानुवर्षं हेच करून माझी जीभच हात धुवायला लागली होती.

"बोलली का नाहीस मला?" मी आईला विचारलं.

"तू एवढी शिकलेली. मला वाटलं, नवीन पद्धत असंल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून कोपरापर्यंत साबण. सर्जननी औषधही बदललं. जखम हळूहळू भरली, अंगठा वाचला.

शेवटच्या तपासणीला सर्जन म्हणाले, "मॅडम, घरात तुमच्यासारखी बाई असताना मध्येच एवढं बिघडलं कशानं?"

मी पर्समध्ये जुने रिपोर्ट शोधायला लागले. तेवढ्यात आई म्हणाली, "माझंच तोंड वंगाळ, डॉक्टर. चोरून पेढे खायची. लेकीनं दम दिला, तवा सुटलं."

"आता तरी ऐकत जा मॅडमचं," सर्जन म्हणाले.

आणि मी, निर्लज्ज बाई, मान डोलावली.