शनिवारचा गालिचा

आमच्या नव्या घरातल्या गालिच्याची लव डोक्यावरच्या केसांसारखी वाढते आणि ती दर शनिवारी कापावी लागते. बिल्डरच्या ऑफिसातल्या टिपरे नावाच्या गृहस्थांनी किल्ली देतानाच हे सांगितलं होतं, लपवाछपवी काही नव्हती.

"फक्त शनिवारी, आणि सूर्य मावळायच्या आत," टिपरे म्हणाले. "इतर दिवशी कात्री चालत नाही. बाकी मेंटेनन्स शून्य." आणि उद्घाटनाला असते तसली मोठी कात्री त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिली.

कुमुदनं कात्री उलटसुलट करून पाहिली. "शनिवारीच का?"

"तसाच आहे तो, मॅडम."

"आमच्यात शनिवारी केस कापत नाहीत. नखंसुद्धा नाही."

"मॅडम, हा गालिचा आहे."

"वाढतो ना?" कुमुद म्हणाली.

टिपरेंनी ताब्याचा कागद सहीला पुढे केला. कुमुदच्या प्रश्नांपुढे मीही संसारभर असंच काहीतरी पुढे करत आलो आहे, त्यामुळे मला त्यांचं वाईट वाटलं.

गालिचा हिरवा होता, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहिल्या आठवड्यात तो आम्हाला दिसलाच नाही, कारण कुमुदनं त्याच्यावर जुन्या चादरी अंथरल्या. नवी वस्तू पाहुण्यांसाठी असते. घरच्यांनी तिच्या कडेकडेनं राहायचं. शनिवार आला, मी कात्री काढली. "ठेवा ती," कुमुद म्हणाली. मी ठेवली. बुधवारी ती भाजीला गेल्यावर मी चादरीचं टोक उचलून कापून पाहिलं. पाती लवेतून अशी गेली, जशी पाण्यातून जावीत. एक धागा तुटला नाही.

पुढच्या शनिवारी अमावास्या होती. "शनिवार, त्यात अमावास्या!" असं म्हणून कुमुदनं कात्री तांदळाच्या डब्यात लपवली. चादरी तोवर गुडघ्याएवढ्या वर आल्या होत्या. त्या काढल्या तेव्हा सेंटर टेबल सापडलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या गुळवणी वहिनी घर बघायला आल्या. चपला बाहेर काढून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"अगो बाई, किती दाट! लावता काय हो?"

"खोबरेल," कुमुद म्हणाली. "कोमट करून. फार कोरडा पडला होता."

"आमच्या मेल्या टाइल्सला काही वाढत नाही." मग आवाज खाली आणून त्या मला म्हणाल्या, "पण कापा हो भाऊजी. वरच्या मजल्यावरच्या खांबेटेंनीही असाच लांब ठेवला होता."

"मग?"

"मग काय? लिफ्टमध्ये दिसत नाहीत हल्ली."

गुरुवारी लव कमरेपर्यंत आली आणि तिचा गुंता झाला. "मोकळा सोडला की असंच होणार," कुमुद म्हणाली. "वेणी घालते." फणी आणि तेलाची वाटी घेऊन ती हॉलच्या मध्यावर गेली आणि खाली बसली. बसल्यावर दिसेनाशी झाली. दुपारपर्यंत ती उभी राहिली असती तरी दिसली नसती.

"कुमुद, जेवायला ये."

"तुम्ही घ्या वाढून. एवढा पेड झाला की आलेच."

ती आली नाही. शुक्रवारी तिचा आवाज जरा लांबून येऊ लागला. मी स्वतः आत शिरलो. हातांनी लव बाजूला सारत नाकासमोर चाललो आणि आपल्याच पायपुसण्यावर बाहेर आलो. पुन्हा गेलो, पुन्हा पायपुसणं. तेव्हा टिपरेंना फोन केला.

"उद्या शनिवार आहे सर, उद्या होऊन जाईल," टिपरे म्हणाले. "उद्या मात्र चुकवू नका. सूर्य मावळला की तो छताला टेकतो."

"टेकल्यावर?"

"मग हॉल भरला, सर. भरलेला हॉल आम्ही मोकळा करून देत नाही."

"अहो, माझी बायको आहे आत!"

"ताबा तुम्ही दोघांच्या नावानं घेतलाय ना? मग हरकत नाही."

शनिवारी सकाळी मी तांदळात हात घातला, कात्री काढली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात केली. त्या दिवशी ती लोण्यातून जावी तशी चालली. भीती एवढीच, की कुमुद नेमकी कुठे आहे ते दिसत नव्हतं. म्हणून मी हाक मारायचो, "आहेस ना?" आणि "आहे" डावीकडून आलं की उजवीकडचं कापायचो.

"कसला आवाज येतोय?" तिनं विचारलं. "आज शनिवार ना?"

"शुक्रवार," मी म्हणालो. "भेंडी चिरतोय."

"पुसून घेतलीत? नाहीतर तार सुटते."

"घेतली."

कापलेली लव मी मागे ढकलत होतो. ऊन खिडकीतून आत येऊन लवेच्या शेंड्यांवरून सरकत होतं, आणि शेंडे पंख्याच्या पात्यांना लागले होते. एव्हाना "आहे" कधी डावीकडून येई, कधी उजवीकडून, आणि एकदा तर माझ्या कोपरापाशी आलं. मी कात्री तिथल्या तिथे थांबवली. तिथे कोणी नव्हतं. तिथे वेणी होती.

मनगटाएवढी जाड वेणी, छातीच्या उंचीवर आडवी, दोन्हीकडे लवेत शिरलेली. समोरची सगळी लव तिच्यात गुंफलेली होती; ती तोडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. घट्ट, सुबक, एक केस बाहेर नाही. तीन पेड. दोन हिरवे. तिसरा पांढरा. त्याला खोबरेलाचा वास येत होता, पण वास तिघांनाही येत होता.

मी पांढरा पेड चिमटीत धरून जरा ओढला.

"अहो!" कुमुद कळवळली. "केस ओढताय माझे."

"कुमुद, तुझे केस कुठे संपतात?"

"संपतील कसे? अजून घालतेच आहे."

खिडकीच्या काचेवर उन्हाची तांबडी कड तेवढी राहिली होती. डोक्यावर छत करकरलं. मी कात्री उघडली आणि पाती वेणीच्या दोन्ही बाजूंना आणली.

"झाली का भेंडी?" कुमुदनं विचारलं.

दोन पात्यांच्या मधून वेणी हळूहळू पुढे सरकत होती, आणि पेडांमध्ये आता पांढराच जास्त दिसत होता.