मला रिकामे पाठवले तो रविवार

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. दारावरचा किंवा पाकिटावरचा नव्हे, संगणकाच्या पोटातला. त्या रविवारचा धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही, म्हणून हे सांगतो आहे.

इताजाई नदीकाठच्या एका गावात पुलाखाली पाण्याची पातळी मोजणारी पेटी टांगलेली आहे. ती संगणकाशी जोडणारा प्रोग्राम झुल्मिराबाईंनी लिहिला आणि त्यात मला घडवले. संगणकाच्या आत पेटीची जागा कुठे आहे, ते मागणाऱ्याला सांगायचे, एवढेच माझे काम. पाणी चढले की त्याच संगणकावरून भोंगा वाजतो.

आमच्यात एक रीत आहे. पेटी सापडली तर मी तिची जागा घेऊन जातो. सापडली नाही तर त्याच खिशात बिघाडाचा आकडा घेऊन जातो. म्हणून मला हाती घेणारा प्रोग्रामचा पुढचा भाग आधी विचारतो, “तू बिघाड आहेस का?” मी हो म्हटले की तो तिथेच थांबतो, तांबडा दिवा लावतो आणि राखीव पेटीकडे वळतो.

दोन मोठे पूर आले, दोन्ही वेळा भोंगा वेळेवर वाजला. झुल्मिराबाईंची धाकटी बहीण ओदेत खालच्या गल्लीत बेकरी चालवते. “तुझ्या भोंग्याच्या भरवशावर झोपते हं, ताई,” असे म्हणून ती दर शनिवारी कुका पाठवायची. वर साखरेचा खरपूस चुरा घातलेला तो केक झुल्मिराबाईंच्या कचेरीत कधी संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

एकच तक्रार होती. प्रोग्राम वाचून त्यातल्या चुका दाखवणारा एक तपासनीस प्रोग्राम असतो. तो दरवेळी पिवळ्या ओळीत लिहायचा, ‘हा यंत्राचा पत्ता, आणि यात साध्या पत्त्याचा बिघाड? प्रकार जुळत नाही.’ आकडा बरोबरच होता, फक्त साध्या पत्त्यांसाठीच्या प्रकारात लिहिलेला. काम अडत नव्हते, म्हणून त्या ओळीकडे कोणी पाहिले नाही.

मग प्रोग्रामची नवी आवृत्ती काढायचे ठरले. हुकूम आला की एकही पिवळी ओळ नको. ते काम एवांद्रो नावाच्या हुशार इंजिनिअरने घेतले. पेटी न सापडल्यास माझ्या खिशात जायचा तो बिघाडाचा आकडाच त्याने काढून टाकला आणि खिसा रिकामा ठेवला. रिकाम्याला कुठलाच प्रकार नसतो. तपासनीस गप्प झाला.

“झुल्मिराताई, पिवळी ओळ गायब! आता कॉफी तुमच्याकडून.”

“तक्रार गेली की दुखणं गेलं?”

“तुम्ही पण ना! पेटी जोडून चालवून बघितलं. मस्त चाललंय.”

पेटी जोडून! मी हादरलो. तार काढून कोणीच पाहिले नव्हते. पण पत्त्याला ओरडता येत नाही.

त्या रविवारी सकाळी नदी फुगू लागली. वाहत आलेल्या ओंडक्याने पेटीची तार तोडली. संगणकाने पेटी पुन्हा शोधून पाहिली, ती सापडली नाही, आणि मला रिकाम्या खिशाने पुढे पाठवले.

“तू बिघाड आहेस का?”

मी बिघाड नव्हतो. मी काहीच नव्हतो. “नाही,” मी म्हणालो. मित्रांनो, ते उत्तर खरे होते! त्यावर विश्वासून त्याने जमीनच नसलेल्या जागी पाऊल टाकले. क्षणात सगळा संगणक कोसळला. दिवा नाही, राखीव पेटी नाही, भोंगा नाही. कचेरीतल्या पडद्यावर सकाळचाच आकडा गोठून राहिला. झुल्मिराबाई आणि एवांद्रो त्याच आकड्याकडे निश्चिंतपणे बघत बसले होते.

फोन वाजला.

“ताई, माझ्या भट्टीत पाणी शिरलंय!”

“काहीतरीच काय, ओदेत! इथे पडद्यावर नदी खाली दिसतेय.”

“मग ये, आणि तुझ्या त्या पडद्यानेच माझी फरशी पूस!”

झुल्मिराबाई खुर्चीतून उठल्या. “पीठबीठ सोड! ट्रे बडव, दारं ठोक, सगळ्यांना चर्चच्या टेकडीवर ने. आत्ता!”

बेकरीच्या बडवलेल्या ट्रेमागून अख्खी गल्ली टेकडी चढली. माणसे वाचली. भट्टी, पिठाची पोती, घरे, सगळे चिखलात गेले.

पाणी उतरल्यावर शोध घेत घेत दोघे माझ्यापर्यंत आले. एवांद्रोने ती ओळ वाचली आणि तोंडावर हात ठेवला.

“मी तर फक्त तक्रार घालवली होती, ताई.”

“हो रे बाबा. फक्त तक्रारच घालवलीस.”

झुल्मिराबाईंनी माझा बिघाडाचा आकडा मला परत दिला, पण या वेळी यंत्राच्या पत्त्यासाठीच असलेल्या प्रकारातला. तपासनीस आताही गप्प आहे, कारण त्याला खरोखरच बोलायला काही उरलेले नाही. आता प्रत्येक नव्या आवृत्तीआधी एवांद्रो स्वतः तार उपटतो आणि मी काय उत्तर देतो ते बघतो.

मित्रांनो, कोणी कुरकुर करत असेल तर त्याचे तोंड बंद करण्याआधी तो काय म्हणतो ते ऐका. आणि आम्हाला कधी रिकाम्या हाताने पाठवू नका. बिघाड असेल तर बिघाड म्हणूनच पाठवा. त्याची आम्हाला लाज वाटत नाही.

परवा ओदेतने शेजारणीच्या भट्टीत भाजलेला कुका पाठवला. सोबत निरोप होता, “एवांद्रोला म्हणावं, वरून झकास तांबूस आहे. आतून शिजलाय का, ते सुरी घालून बघ आणि मगच खा.”

त्याने खरोखरच सुरी घातली. कोणी हसले नाही.