कोळसेवाल्याची सुट्टी

"कोण हवंय?" मास्तरीणबाईंनी दार हातभर उघडून विचारलं.

तो गोंधळलाच. कितीतरी हिवाळे याच दाराशी त्याने पोती उतरवली होती.

"अहो बाई, मी. कोळसेवाला."

"कोळसा नको हो आता. सगळ्या गल्लीत गरम पाणी आलंय."

हे त्यालाच सांगत होत्या! गावाबाहेर खोल विहीर खणली, तेव्हा खाली कढत पाणी लागलं. उकळतं नव्हे. वीज करण्याइतकी धग त्यात नव्हती, पण घरं उबदार करायला ते पुरून उरलं. उरलेलं भाजीच्या काचघरांना आणि फळं वाळवायच्या शेडला गेलं. परगावी गेलेली पोरं कामाला परतली. गावातला धूर गेला, कोळसेवाल्याचा खोकलाही गेला.

धंदा बुडाला, पण गावाने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. पंपघरात नोकरी दिली. उबदार खोली, एक खुर्ची, भिंतीवर दाबाचे काटे. दिवसचे दिवस माणसाचं तोंड दिसत नसे. पंपाशी बोलून बोलून किती बोलणार? बायको गेल्यापासून घरीही तेच. पूर्वी थंडीने हाडं गोठायची, पण दारोदार कुणीतरी "टेका घटकाभर" म्हणायचं. बाई तर शेगडीपाशी स्टूल ओढून चहा द्यायच्या. आजारी बायकोला औषध वेळेवर देता ना, म्हणून दटावायच्या.

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"विकायला नाही आलो, बाई."

आता त्यांना आवाज ओळखू आला. "अगंबाई, तुम्ही होय! तोंड धुतलेलं कधी पाहिलंच नव्हतं हो मी तुमचं!"

त्या खळखळून हसल्या. तोही हसला.

"काही काम होतं?"

'भेटायला आलो' हे शब्द ओठांवर आले होते. पण पाठीवर पोतं नसताना कुणाच्या दारात उभं राहायची त्याला सवय नव्हती.

"पाणी नीट येतंय ना, तेवढं बघायला आलो."

"छान येतंय. बरं झालं, सुटलात त्या काळ्या कामातून." बाईंनी शाल आवळली. "दार उघडं राहिलं की ऊब जाते बघा. या ना एकदा चहाला, सवडीने."

"येतो की."

दार लागलं. रस्त्याभर बर्फ साचला होता. जमिनीखालून पाइप गेले होते, तेवढ्याच जागी तो वितळून काळा ओला पट्टा उमटला होता. शेजारच्या दारापाशी त्याची पावलं जरा रेंगाळली. मग त्या पट्ट्यावरून, पाय जपून टाकत, तो पंपघराकडे निघाला.