रहाटावरचं झाकण

बाटलीच्या बुचाएवढं पितळेचं झाकण, आणि त्याच्या कडेला रंगाचे थर – पांढरा, पांढरा, मध्येच एक पिवळट, पुन्हा पांढरा – कापलेल्या कांद्यासारखे मोजता येत होते. आणि मोजता येण्यासारखं काही समोर आलं की त्याला राहवत नसे, म्हणून त्याने मोजलेही. एकोणीस. वर्षाला एक. शेवटची दोन वर्षं होडी धक्क्याला नुसती बांधून होती, तरी रंग चुकला नव्हता, एवढं तरी आपण... पण हे समाधान मनात नीट टेकायच्या आतच मिस्त्रीने ते झाकण त्याच्या तळहातावर ठेवलं आणि खाली वाकून, ते जिथून निघालं होतं त्या भोकात, रहाटाचा दांडा घातला.

दांडा बसला. आपल्याच घरात आल्यासारखा बसला.

नांगर ओढायचा रहाट तो. विहिरीवरच्यासारखाच, फक्त ओतीव लोखंडाचा, आणि दोराऐवजी साखळीचा. एरवी होडीच्या पुढच्या टोकाला पक्का बसवलेला असे. काल उचकटून त्याने इथे मिस्त्रीच्या शेडमध्ये आणला होता, आणि आता तो लाकडी ओंडक्यावर आवळलेला होता, साखळीला खाली त्याच्याच होडीचा नांगर लटकत होता. मिस्त्रीने दोन बोटांनी दांडा पुढेमागे केला. दुसऱ्या हातात चहाचा कप होता. नांगर जमिनीवरून उठला, वीतभर वर आला, आणखी वीतभर... कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही.

“या जातीच्या रहाटाला दोन तोंडं असतात, साहेब. वरचं भरभर ओढायला, साखळी सैल असेल तेव्हा. आणि हे खालचं वजनाला. सावकाश येतं, पण फुलासारखं येतं.” मिस्त्रीने चहाचा घोट घेतला. “हे बुजवलं कुणी?”

“आधीच्या मालकाने.”

हे तो इतक्या चटकन म्हणाला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटायलाही वेळ मिळाला नाही. वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. किती दुकानदारांच्या तोंडून हेच ऐकलं होतं – काटा मी घेतला तेव्हाच असा होता साहेब, आधीच्या मालकाने केलंय – आणि एकदाही, एकदाही त्याने ते खरं धरलं नव्हतं. धक्क्यावरचे लोक पाठीमागे त्याला ‘तराजू’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

मिस्त्रीने खाली पडलेल्या रंगाच्या खपल्या पायाने बाजूला सारल्या. “चांगला होता की हो आधीचा मालक. अजून दर वर्षी येऊन रंग देऊन जातो म्हणायचा.”

यावर हसायला हवं होतं. तो हसला. खाली वाकून एक खपली उचलली, मग ती कुठे ठेवायची ते न कळून खिशात टाकली.

होडी घेतली त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. बायको पुढच्या टोकाला उकिडवी बसली होती, पदर खोचलेला, केस वाऱ्याने तोंडावर येत होते, आणि तिने मान वळवून विचारलं होतं, “अहो, हे दुसरं भोक कशाचं?” आणि तो सुकाणूजवळून, प्रश्न पुरता व्हायच्या आत – प्रश्न पुरता होऊ देणं त्याच्या स्वभावात नव्हतं – म्हणाला होता, “तेलाचं. हात लावू नकोस, पाणी जाईल आत.” त्याला माहीत नव्हतं. खोटं बोलला असंही नाही. अंदाजच होता, पण शिक्का मारल्यासारखा बोलला. माझा आवाजच तसा आहे, त्याला मी काय करू... आणि पाणी जाऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी खोक्यातलं हे झाकण शोधून बसवलं, वरून रंग दिला. किती काळजी घेतली होती त्या भोकाची.

मग वर्षानुवर्षं ती पुढे, तो मागे. सुकाणू धरायला डोकं लागतं, रहाटाला नुसता हात, अशी ती वाटणी कुणी केली ते आता आठवत नाही. ती पाय रोवून दांडा मागे खेचायची, पुढे ढकलायची, दहा-बारा खेपा झाल्या की थांबून पाठ ताठ करायची, आणि तो मागून ओरडायचा, “जोर लाव, जोर! चिखलात रुतलाय तो.” होडीवर पाहुणे असले की म्हणायचा, “आमचं इंजिन जरा जुनं झालंय, धापा टाकतं.” पाहुणे हसायचे. तीही हसायची, तोंडावरचा घाम बाहीला पुसत... नक्की हसायची? पाठमोरी असायची ती.

सतरा वर्षं. वर्षाला बारा फेऱ्या धरू, फेरीला दोनदा नांगर, दर वेळी साठ खेपा तरी – चोवीस हजार चारशे ऐंशी. आकडा आपोआप तयार झाला, जन्मभराची खोड. आणि एकदा तयार झाल्यावर तो कुठे ठेवावा, कुणाच्या नावावर, हे त्याला सुचेना. डॉक्टरने तिला काय सांगितलं होतं? खांदा आखडलाय, वयोमानाने होतं. आणि तिथेच, तपासणीच्या टेबलापाशी उभं राहून आपणही म्हणालो होतो, वय कुणाला चुकलंय. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, “आता मला नाही जमायचं. तुम्ही जा.” भांडण नाही, काही नाही. एकट्याने सुकाणू आणि नांगर दोन्ही होईना, म्हणून होडी बांधून पडली. आणि तो मोठ्या मनाने काही बोलला नाही, म्हणजे दोन वर्षं न बोलून तिला रोज ऐकवत राहिला.

“नवा विजेवरचा बसवा,” मिस्त्री म्हणत होता, “बटण दाबलं की झालं, असं मी म्हणालो होतो ना? मागे घेतो. याला काही झालेलं नाही. दात बघा, वरच्या चाकाचे झिजून गुळगुळीत, आणि खालच्याचे कोरे करकरीत. ग्रीस भरतो, उद्या घेऊन जा. वहिनींना सांगा, आता एका हाताने ओढा.”

एका हाताने. एकच तर राहिलाय.

घर धक्क्यापासून दूर नव्हतं, पण आज चढ लांबला. त्याचा बेत साधा होता: रहाट दुरुस्त करून आणायचा आणि म्हणायचं, तुझ्यासाठी हलका करून घेतला बघ, चल. ती आली तर आली. त्या एका वाक्यासाठी त्याने अख्खा आठवडा खर्च केला होता. आता वाक्य तेच होतं, खोटंही नव्हतं, आणि तरी ते म्हणायचं झालं तर... सांगायलाच हवं असं कुठे आहे? रहाट हलका झाला की झाला. कशाने, ते कोण विचारतंय? खिशात हात घातला तर झाकण होतं. मिस्त्रीकडे ठेवायचं राहूनच गेलं.

ती स्वयंपाकघरात ताटं पुसत होती, डाव्या हाताने, ताट पोटाशी टेकवून. वरच्या फळीवरचे डबे सगळे खाली आलेले. ते कधी आले ते त्याने पाहिलंच नव्हतं, आज पाहिलं.

“झाला का?” तिने विचारलं.

“उद्या देतो म्हणाला.”

“काय निघालं?”

तो खुर्चीवर बसला. चपला काढायचंही राहिलं. “हलका होईल आता. म्हणजे... हलकाच होता.”

“असं कसं? केवढा जड जायचा.” तिने ताट ठेवलं, दुसरं घेतलं. “मला वाटायचं, मीच कमी पडते. तुमच्या त्या मित्राची बायको आली होती बघा एकदा, तिने ओढून बघितला आणि म्हणाली, बाई, हे तुम्ही दर वेळी करता? तेव्हा जरा बरं वाटलं होतं.” आणि हसली. या वेळी समोरून हसली, त्यामुळे तो पाहू शकला.

चपला काढायला वाकताना त्याने खिसा रिकामा केला – किल्ल्या, रुमाल, रंगाची खपली, झाकण. झाकण टेबलावर थोडं घरंगळलं आणि तिच्या बाजूला जाऊन थांबलं. तिने हात पदराला पुसून ते उचललं, उजेडात धरलं, कडेवरच्या थरांवरून अंगठा फिरवला.

“हे कशाचं हो?”

उत्तर होतं त्याच्याकडे. एका शब्दाचं, एकोणीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं, आणि ते जिभेपर्यंत आलंही. पण तो इतका दमला होता की त्याने प्रश्न पुरता होऊ दिला होता. आणि पुरता झाल्यावरही तो तसाच बसून राहिला, एक चप्पल हातात, तिच्या अंगठ्याकडे बघत, आणि ती ताट पोटाशी धरून वाट पाहत होती, आणि त्याला घाई नव्हती.