परग्रहावरचा पाहुणा मैनाबाईंच्या दारात

मित्रांनो, मला पाहून घाबरू नका. माझे डोळे लाल आहेत आणि तोंड टोपलीएवढं आहे, पण मी आजवर कुणाला खाल्लेलं नाही. मी एक मुखवटा आहे, आता बराच जुना झालेला. सिनेमात मी परग्रहावरून आलो होतो, जन्म मात्र बिबवेवाडीतला, रिक्षांच्या सीट शिवणाऱ्या कासिमभाईंच्या दुकानातला. उरलेलं हिरवं रेक्झिन, आत फोम आणि डोळ्यांच्या जागी रिक्षाच्या मागच्या दिव्यांच्या काचा. देवाचं नाव घेतल्याशिवाय कासिमभाई कशालाच कात्री लावत नसत. मलाही त्यांनी ते घेऊनच कापलं. म्हणून असेल, मी रूपाने भयंकर असलो तरी स्वभावाने गरीब निघालो.

माझ्या आत चेहरा असायचा तो त्यांच्या मुलीचा, फरहतचा. तिची कॉलेजातली मैत्रीण संस्कृती सिनेमा करत होती. त्याची गोष्ट अशी. फार लांबच्या ग्रहावरून एक पाहुणा येतो. त्याला कडकडून भूक लागलेली असते आणि तो उतरतो नेमका पुण्यात, भर दुपारी. तो दारोदार फिरतो. प्रत्येक दारात लोक हसून विचारतात, "आता जेवूनच आला असाल ना?" आणि दार लावून घेतात. पाहुणा भिडस्त, त्याला नाही म्हणता येत नाही. शेवटच्या दारावरून तो मान खाली घालून परत फिरतो आणि उपाशीच आकाशात निघून जातो. त्याचं यान म्हणजे पाण्याची एक जुनी टाकी होती.

लोकांनी फार हौसेने कामं केली. बिबवेवाडीतल्या बापूरावांना तर काही शिकवावंच लागलं नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आमची जेवणं उरकली. तुमच्या ग्रहावर किती वाजलेत?" मग दाराला आतून कडी. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो असतो, पण माझं तोंड कायमचंच उघडं, हसलो तरी कळणार कुणाला?

शेवटचं दार धायरीतलं होतं. तिथे मैनाबाई आणि त्यांचे यजमान दत्तोबा राहत. त्यांच्या शेतांवर आता उंच इमारती उभ्या आहेत, मधे त्यांचं बैठं घर तेवढं राहिलं आहे. संस्कृती त्यांच्या शेजारच्या इमारतीत राहायची. मैनाबाईंचा एक नेम होता. दुपारी दारात जो येईल त्याला जेवू घालायचं आणि मगच आपण पान वाढून घ्यायचं. हा नेम संस्कृतीला ठाऊक होता. पण हा तर सिनेमा, खोटं खोटं, त्यात नेम कसा मोडेल, असं तिला वाटलं. तिची चूक झाली ती इथेच.

मी दारात उभा राहिलो. मैनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आदी हातपाय धू." पुन्हा घेतलं. या वेळी वाक्य बरोबर आलं, पण हातात भाकरीचं ताट होतं. तिसऱ्यांदा त्यांनी दार लावलं आणि मी गेलो की काय हे बघायला लगेच उघडलं.

बाजेवर बसलेले दत्तोबा म्हणाले, "अगं, ते रेक्झिनचं हाय."

"असू दे रेक्झिनचं. दारात हुबं हाय न्हवं?"

कॅमेरा मागून आणलेला होता, संध्याकाळी परत द्यायचा होता. उन्हं कलायला लागली. संस्कृतीचा आवाज रडवेला झाला. ती म्हणाली, "आजी, तुम्ही त्याला वाढलंत तर माझ्या सिनेमाला शेवटच राहत नाही. सगळी मेहनत वाया जाईल हो."

"भुकेलं जेवलं, ह्यो काय वंगाळ शेवट हाय व्हय?" मैनाबाई म्हणाल्या. पण मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी पाहिलं. पदराने हात पुसले, देवघराकडे वळून क्षणभर हात जोडले आणि पुन्हा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता जेवूनच आला असाल ना?" अगदी हवं तसं म्हणाल्या आणि दार लावलं.

दृश्य सुरेख झालं. संस्कृतीने समाधानाने श्वास सोडला. माझ्या आत मात्र फोम ओला होत होता. फरहत रडत होती. आत स्वयंपाकघरात ताटावर ताट झाकल्याचा आवाज आला.

दत्तोबा बाजेवरून उठले. "बेस झालं तुमचं शूटिंग," ते म्हणाले. "दारातलं उपाशी गेलं. आता आज ती अन्नाला शिवायची न्हाई."

संस्कृती बराच वेळ कॅमेऱ्यात ते दृश्य पाहत राहिली. एवढं चांगलं दृश्य पुन्हा मिळालं नसतं. मग तिने कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि हाक मारली, "आजी, अजून एकदा दार उघडा. या वेळी काही सांगत नाही. तुमच्या मनाला येईल ते करा."

दार उघडलं. मैनाबाईंनी माझा हात धरला आणि मला पाटावर बसवलं. समोर पिठलं-भाकरी आली. पण कासिमभाईंनी माझं तोंड आतून बंद शिवलेलं होतं, घास जाणार कुठून? मैनाबाईंनी दोन्ही हातांनी मला अलगद उचलून बाजूला ठेवलं. आत घामाने भिजलेली, रडून नाक लाल झालेली फरहत होती.

"बाई गं, केवढंसं लेकरू," मैनाबाई म्हणाल्या. "सकाळपासून काय खाल्लंस का न्हाई?"

फरहतने नकारार्थी मान हलवली. तो अभिनय नव्हता, गडबडीत सकाळपासून तिला खायला खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिला पोटभर वाढून झाल्यावर मैनाबाईंनी आपलंही ताट उघडलं.

संस्कृतीने बंद दाराचं दृश्य काढून टाकलं आणि सिनेमाचा शेवट हा जेवणाचाच ठेवला. कॉलेजात दाखवला तेव्हा सगळ्या दारांवर लोक खदखदून हसले. शेवटी हसू आलं नाही म्हणून काहींनी तक्रार केली, बक्षीसही दुसऱ्याला गेलं. दोनचार दिवस माझ्याबरोबर फोटो निघाले. मग मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी माझा डावा गाल कुरतडला. त्यांना तरी मी उपयोगी पडलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं आम्ही वस्तू नेहमी सांगतो. जपा, माझं काही म्हणणं नाही. पण रेक्झिन उसवलं तर टाका घालता येतो. माणसाचं तसं नाही, उपाशी माणूस भिडेपोटी काही बोलत नाही आणि निघून जातो. म्हणून दारात कुणी आलं, तर "जेवलात का?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दार उघडं ठेवा.