शोभेची टोपली म्हणे

मी एक जुनी ट्रग आहे. नावाला दचकू नका, मित्रांनो. आमच्या इंग्लंडातल्या ससेक्सात फळ्यांच्या बागटोपलीला ट्रगच म्हणतात. म्हाताऱ्या आल्फने चेस्टनटची काठी वाफेवर वाकवून माझी कड आणि मूठ केली, विलोच्या सात फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी ठोकल्या. चाळीस वर्षं मी ओले बटाटे वाहिले. एका कोंबडीने तर माझ्यातच पिल्लं काढली. मी कुरकुर केली नाही.

आल्फ गेला. आता त्याची मुलगी एनिड तशाच टोपल्या करते आणि नमुना म्हणून मला बागकामाच्या प्रदर्शनांना नेते. अलीकडे गिऱ्हाईक आटलं होतं. या मे महिन्यात टोपल्या खपल्या नाहीत तर कामाची शेड बंद करायची, असं एनिड आणि तिचा मुलगा नेव्हिल या मायलेकांनी ठरवलं. प्रदर्शनं निवडायचं काम नेव्हिलकडे होतं. पोराने काय पाहिलं, तर गर्दी. जिथे जास्त माणसं येतात, ती दोन मोठी प्रदर्शनं त्याने निवडली.

पहिल्या ठिकाणी आम्हाला भेटवस्तूंच्या गल्लीत बसवलं, साबणवाल्याशेजारी. माझ्यात वाळका लॅव्हेंडर कोंबला. माझ्यात, जिने बटाटे वाहिले. माणसं आली, माझ्या मुठीवरून हात फिरवून "किती गोड" म्हणाली आणि पुढे गेली. गोड मी? एका बाईने विचारलं, "यात मी ठेवू काय?"

"माती लागलेलं काहीही," एनिड म्हणाली.

"अगंबाई, मी मासिकं ठेवीन म्हणत होते."

"मग खोकं घ्या, बाई. कशाला पैसे घालवता?"

नेव्हिलने कपाळाला हात लावला. "आई, गिऱ्हाईक हाकलतेस कशाला?"

"गिऱ्हाईक कुठे होतं ते? रद्दी होती."

संध्याकाळपर्यंत फक्त दोन टोपल्या गेल्या. तेवढ्यात एनिडचं लक्ष समोरच्या तंबूकडे गेलं. वर पाटी होती, 'रोपांचं पाळणाघर'. लोक रोपं घेत, तिथे ठेवत आणि मोकळ्या हातांनी हिंडत. जाताना गाडी थेट तंबूच्या दाराशी आणत.

"नेव्हिल, इथे कुणाचे हात भरलेले दिसतात का तुला?"

"नाही."

"मग टोपली कुणाला आठवणार, बाळा? पुढचं मोठं प्रदर्शन रद्द कर. आपण टिकल्स ग्रीनला जाऊ, त्या गावच्या चर्चच्या रोपविक्रीला."

"तिथे तीनशे माणसंसुद्धा येत नाहीत. आणि गाड्या दोन शेतं पलीकडे लावतात."

"म्हणूनच."

टिकल्स ग्रीनला पाळणाघर नव्हतं, छप्परही नव्हतं. एक आजीबाई आल्या. दोन्ही हातांत टोमॅटोची रोपं, हनुवटीखाली फॉक्सग्लोव्हच्या फुलझाडाची कुंडी. एनिडने लॅव्हेंडर फेकला, आजींच्या कुंड्या माझ्यात मांडल्या आणि म्हणाली, "गाडीपर्यंत न्या, मग परत आणून द्या."

आजी परतल्या त्या रोपं गाडीत ठेवून, मला झुलवत. "मूठ हाताला बोचत नाही हो. मला अशीच नवी द्या, आणि माझ्या बहिणीलाही." मग मी दिवसभर शेतं ओलांडत राहिले. चिखल लागला, एक फळी उचकटली. दुपारपर्यंत नव्या टोपल्या संपल्या. लोकांनी मागणीसाठी आपली नावं लिहून दिली, त्या मागण्या पुऱ्या करता करता हिवाळा आला. शेडमध्ये वाफ अजून निघते आहे.

आता नेव्हिल आयोजकांना फोन करतो तेव्हा माणसं किती येतात ते विचारत नाही. "गाड्या किती लांब लावायच्या?" एवढंच विचारतो. जवळच हो, असं कौतुकाने सांगणाऱ्यांना तो नम्रपणे नकार देतो.

मित्रांनो, माझी फळी उचकटली तर खिळा मारा. मला पावसात विसरू नका. पण झाडूनपुसून फडताळावरही चढवू नका. मला काहीतरी जड उचलायला द्या, माझी निगा ती.